उभ्या मास्तरांची प्रयोगाची खोली

बसून माणसाला काही कळू शकतं, यावर ज्यांचा जन्मात विश्वास बसला नाही असे एकच गृहस्थ मी पाहिले, आणि ते आमचे पदार्थविज्ञानाचे मास्तर होते. ते उभ्याने शिकवत, यात काही विशेष नाही. सगळेच मास्तर उभ्याने शिकवतात. पण हे उभ्याने जेवत, उभ्याने पत्रं लिहीत आणि उभ्यानेच हजामत करून घेत. आमच्या आळीच्या न्हाव्याचं म्हणणं असं की, उभ्याने करतात तिथपर्यंत ठीक होतं, पण हे मध्येच काहीतरी आठवून चालू लागतात आणि मला वस्तरा घेऊन मोर्णा नदीच्या घाटापर्यंत मागे मागे जावं लागतं. शाळेत त्यांच्यासाठी एक खुर्ची होती. तिच्यावर हवा काढायचा पंप बसत असे. कोणी पाहुणा आला की मास्तर पंपाकडे हात करून म्हणत, "बसायची सवय फक्त यालाच आहे." पागोटं त्यांचं सकाळी शाळेत येताना पुणेरी असे आणि दुपारपर्यंत ते कुठल्याही प्रांताचं राहत नसे, सुटलेला पदर खांद्यावरून लोंबे आणि तोच पुढे फळा पुसायला, गरम भांडं धरायला आणि क्वचित आमची नाकं पुसायलाही कामी येई.

आता हेही सांगितलं पाहिजे की त्या दिवसांत सगळं अकोलंच उभं होतं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस अडकला आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. मग काय विचारता. जो तो कापसाच्या मागे. गाड्यांची रांग जुन्या शहरातून नदी ओलांडून पार शाळेच्या दारापर्यंत यायची. कापूस वरणात, कापूस दौतीत, कापूस भजनी बुवांच्या दाढीत. ज्यांनी आयुष्यात आवाज चढवला नव्हता अशी माणसं भररस्त्यात भावावरून भांडत होती. रेल्वे अजून आली नव्हती, पण येणार येणार म्हणून लोक आधीच धावत सुटले होते. गावात फक्त दोन प्रकारची माणसं उरली होती, धावणारी आणि धावून दमलेली. या गर्दीत आमचे मास्तर इतके शोभून दिसत, की नवख्या माणसाला ते हमखास दलाल वाटत. एकदा एका गाडीवानाने त्यांना हटकून भाव विचारला, आणि मास्तरांनी त्याला ओला कापूस आणि सुका कापूस यांच्या वजनात फरक का पडतो हे इतक्या तळमळीने समजावलं, की बिचारा गाडी वळवून दुसऱ्या बाजारात गेला.

शाळेच्या मागे एक लांबट खोली होती. पूर्वी तिथे कोणाची तरी घोडी बांधत. ती मास्तरांनी मागून घेतली, सारवून घेतली, आणि मुंबईहून आलेली एक पेटी तिच्यात उघडली. पेटीत काचेची भांडी होती, कप्प्या होत्या, पारा होता, उष्णता मोजायची नळी होती, म्हणजे ज्याला आपण थर्मामीटर म्हणतो ती, फॅरनहाइटच्या अंशांची. त्या दिवसापासून ती प्रयोगाची खोली झाली आणि त्या दिवसापासून तिच्यात नियम जन्माला येऊ लागले. नियम कुठे लिहून टांगलेले नव्हते. ते घडत. एखाद्याने काही विपरीत केलं, की मास्तर बोट वर करून क्षणभर डोळे मिटत आणि नियम जाहीर करत, आणि ज्याच्या करणीने नियम झाला त्याचंच नाव नियमाला देत. कोणताही जिवंत प्राणी कप्पीला बांधायचा नाही, हा किसनाचा नियम. किसना माझा जोडीदार. कप्पीने वजन हलकं होतं असं मास्तरांनी सांगितलं, ते पडताळायला त्याने हेडमास्तरांची शेळी आढ्यापर्यंत चढवली आणि मग दोर माझ्या हातात देऊन "आता तू पाह्य" म्हणून पाणी प्यायला गेला. पारा आणि आईचे दागिने एकत्र आणायचे नाहीत, हा सखारामचा नियम. त्याने खोलीतला पारा पागोट्यात लपवून घरी नेला आणि आईचे चांदीचे तोडे आरशासारखे चकाकावे म्हणून त्यांना चोळला. चकाकले. दुसऱ्या दिवशी बोटाने तुटले. ती माउली तुटका तोडा घेऊन थेट वर्गात आली.

"मास्तर, हे काय शिकवून राह्यले तुमी माह्या पोट्ट्याले?"

दुसरा कोणी असता तर हात जोडून कोपऱ्यात उभा राहिला असता. मास्तरांनी तोडा तिच्या हातातून घेतला, उजेडात धरला, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की जणू तो त्यांच्यासाठीच मोडून आणला होता. "वा, वा. या, अशा पुढे या. पाहा मुलांनो, चांदीने पारा पिऊन टाकला." मग त्यांनी पाऱ्याची आणि चांदीची सगळी गोष्ट तिलाच सांगितली, आणि आम्ही मागे उभे राहून ऐकली. माउली जाताना म्हणाली, "समजलं बावा. तोडे गेलेच, पन समजलं." सोनाराकडून मास्तरांनी नवे तोडे घडवून दिले ते पुढे दिवाळीत, तेही कोणाला न सांगता. सखाराम मात्र तोऱ्यात हिंडू लागला. कारण आपल्या नावाचा नियम असणं ही त्या खोलीत फार मोठी गोष्ट होती. हेडमास्तरांच्या नावाचाही एक होता: प्रयोग चालू असताना दार उघडून 'काय चाललंय' असं विचारायचं नाही. फक्त माझ्या नावाचा एकही नव्हता. मी काही फोडत नसे, सांडत नसे, पेटवत नसे. एकदा मास्तर माझ्याजवळ थांबले, म्हणजे जाता जाता पावलं हळू केली, आणि म्हणाले, "बापू, तुझ्या हातून काही फुटत नाही याची मला काळजी वाटते. तू हात लावतोस ना रे?"

फुटण्याबद्दल त्यांचा दंड विचित्र होता. भांडं फुटलं तर भरपाई नाही, छडी नाही, घरी निरोप नाही. फक्त सगळ्या वर्गापुढे उभं राहून ते कसं फुटलं ते सांगायचं, आणि असं सांगायचं की ऐकणाऱ्याला अगदी तसंच फोडता यावं. हे वाटतं तितकं सोपं नाही. "हातातून पडलं" म्हटलं की मास्तर विचारत, "कोणत्या हातातून? ओल्या की कोरड्या? आणि डोळे कुठे होते?" किसनाने एका नळीची कहाणी अशी रंगवून सांगितली की मास्तर उत्साहाच्या भरात दुसरी नळी घेऊन तशीच सोडायला निघाले, हेडमास्तरांनी ऐन वेळी दार उघडून आपला नियम मोडला म्हणून ती वाचली.

एक नियम मात्र बिननावाचा होता, कारण तो मास्तरांचा स्वतःचा होता आणि कोणाच्या करणीची वाट न पाहता पहिल्याच दिवशी झालेला होता. एकट्याने उपकरणाला हात लावायचा नाही. दोघांनी मिळून करायचं. एकाने करायचं, दुसऱ्याने पाहायचं, मग जागा बदलायच्या, आणि दोघांना जे दिसेल तेच सांगायचं. पुस्तकात काय आहे ते सांगायचं नाही. "एकट्या माणसाला जे पाहायचं असतं तेच दिसतं," ते म्हणत. "जोडीदार कशाला असतो? तो म्हणतो, मला नाही बुवा दिसलं. एवढं म्हणायला एक माणूस लागतोच."

अडलेल्यांना मदत करायचीही त्यांची तऱ्हा होती. रोज दिवस कलताना ते मोर्णेच्या घाटावर फेऱ्या घालत, आणि ज्याला काही कळलं नसेल त्याने तिथे यावं अशी मोकळीक होती. अट एकच, त्यांच्यासोबत चालायचं. शंका जितकी मोठी तितकं चालणं जास्त. लंबकाचं गणित माझ्या डोक्यात शिरेपर्यंत मी एक वहाण झिजवली. जुन्या शहरातला करीम आमच्या वर्गात होता. त्याची नजर इतकी कमजोर की लंबक त्याला दिसतच नसे. वर्गात कोणीतरी म्हणालं, हा काय प्रयोग करणार. मास्तर त्या दिवशी बाजारात गेले आणि एक घुंगरू घेऊन आले. ते लंबकाला बांधलं आणि लंबक आढ्याला टांगला. मग झोके मोजताना आम्ही डोळे असलेले सगळे चुकायचो आणि करीम मान खाली घालून, कान देऊन, बरोबर सांगायचा. "मास्तर, इन लोगों की आँखें इधर-उधर भटकती हैं," असं तो दयेने म्हणे.

सगळा घोटाळा वेचणीच्या दिवसांत व्हायचा. कापूस फुटला की वर्ग रिकामा. ज्याचं शेत त्याचं पोरगं शेतात, आणि ज्याला शेत नाही त्याचंही दुसऱ्याच्या शेतात. जोडीतला एक गेला की दुसरा नियमाने हात बांधून उभा. मास्तरांनी यावर तोड काढली. जो येत नाही त्याच्याकडे प्रयोग जाईल. मग ते पिशवीत तराजू, कप्पी आणि थर्मामीटर घालून, राहिलेल्या जोडीदाराला बरोबर घेऊन, काळ्या मातीतून ढेकळं तुडवत निघत. किसनाच्या शेतात मी त्यांच्यासोबत गेलो होतो. वेचणाऱ्या बाया ओळीने चालल्या होत्या आणि मास्तर त्यांच्यासमोरून उलट पावली चालत, दवाने भिजलेला कापूस सकाळी जड का भरतो हे किसनाला सांगत होते. किसनाच्या आईने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग कापूस वेचायची एक ओटी त्यांच्या कमरेला बांधली.

"मास्तर, बोलता बोलता येचा. हात काहून रिकामे ठेवून राह्यले?"

मास्तर वेचू लागले. त्यांनी वेचलेल्या कापसात पाचोळा जास्त आणि कापूस कमी. बाया पदर तोंडाशी धरून हसत होत्या. किसनाचा बाप बांधावरून म्हणाला, "मास्तर, माह्यं पोट्टं हे शिकून काय करन?"

"वाट्टेल ते करील," मास्तर म्हणाले, "पण बघून करील."

बापाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला अजून उमगलेलं नाही.

तर अशा त्या खोलीवर शाळेच्या कमिटीतल्या शेटजींचा डोळा पडला. माणूस वाईट नव्हता. खोली त्यांनीच पूर्वी मिळवून दिली होती. पण आता गावात कापसाच्या गठाणी ठेवायला जागा उरली नव्हती, देवळांच्या ओसऱ्यासुद्धा भरल्या होत्या, आणि येता जाता त्यांना ही खोली रिकामी दिसे. ते मास्तरांना गोडीत म्हणाले, "मास्तर, सामान पेटीत घाला नं. पेटी लहान हाय, कुठंबी मावन." मास्तर म्हणाले, "सामान मावेल हो, पोरं कुठे मावतील?" शेवटी असं ठरलं की अमरावतीहून शाळा तपासायला रावसाहेब येणार आहेत, त्यांनी खोली पाहावी आणि सांगावं. मुलं भरलेली दिसली आणि प्रयोग नीट झाले तर खोली मास्तरांची. नाही तर गठाणींची.

त्यानंतर मास्तर मुळीच दिसेनासे झाले, म्हणजे सगळीकडे दिसू लागले. कधी कापसाच्या गाडीवर, कधी कोणाच्या दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, मागे लोंबकळत. शेताशेतांतून त्यांनी आपला वर्ग वेचून आणला, आणि या वेचणीत पाचोळा नव्हता. एकटा किसना राहिला. त्याच्या बापाच्या गाड्या अमरावतीच्या बाजारात गेल्या होत्या, त्यांच्यासोबत तो होता, आणि निघताना मला म्हणाला होता, "येतो मी. तू फिकर नोको करू."

रावसाहेब आले. उंच, गोरे, नीटनेटके गृहस्थ, आणि सारखं घड्याळ काढून पाहण्याची सवय. दारात त्यांची दमणी जुंपलेलीच ठेवली होती. सोबत शेटजी, हेडमास्तर. खोली अशी भरली होती की शेटजींना उंबऱ्यावर उभं राहावं लागलं. सखारामने कप्पी करून दाखवली, करीमने झोके मोजले, रावसाहेब दोनदा "ठीक" म्हणाले, आणि मग नेमके माझ्यासमोर येऊन थांबले. माझ्यापुढे स्पिरिटचा दिवा, पाण्याचं भांडं, थर्मामीटर.

"पाणी किती अंशांवर उकळतं ते दाखव."

"जोडीदार यायचा आहे, रावसाहेब."

"मग तू एकटा कर."

"तसा नियम नाही, रावसाहेब."

"कोणाचा नियम?"

मी मास्तरांकडे पाहिलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मास्तर हललेले नाहीत. जन्मात पहिल्यांदा ते एका जागी, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, स्वस्थ उभे होते. डोळ्यांनी त्यांनी मला कर असंही सांगितलं नाही आणि करू नको असंही नाही. हेडमास्तर मात्र घामाघूम होऊन तोंडाने आवाज न करता "पेटव, पेटव" म्हणत होते.

"या खोलीचा," मी म्हणालो, आणि हाताची घडी घातली.

रावसाहेबांनी घड्याळ काढलं. शेटजी उंबऱ्यावरून खोलीची लांबी नजरेने मापू लागले. बाहेर बैल घुंगुरमाळा हलवत होते. घड्याळ पुन्हा निघालं, पुन्हा आत गेलं. किसनाला मी मनातल्या मनात जे काही म्हणत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. रावसाहेब वळले, दाराकडे एक पाऊल टाकलं, आणि त्याच दारातून शेटजींना बाजूला सारत किसना आत शिरला. डोक्यापासून पायापर्यंत कापूस, एका पायात वहाण.

"काहून थांबला बे?" तो मला म्हणाला. "लाव नं दिवा."

मी दिवा लावला. पाणी उकळलं. मी वाचलं, मग जागा बदलून त्याने वाचलं. दोघेही म्हणालो, "दोनशे दहा."

रावसाहेब हसले. मनापासून, प्रेमाने हसले, ते मी कबूल करतो. "अरे, दोनशे बारा. पुस्तकात वाचलं नाही का?"

"वाचलं नं," किसना म्हणाला. "पन पुस्तकातलं पानी कुठचं हाय, रावसाहेब? हे मोर्नेचं हाय."

खोलीत कोणी हसलं नाही. मास्तरांचे पाय एकदम जिवंत झाले. ते पुढे आले, थर्मामीटर उजेडात धरला, किसनाच्या डोक्यावरचा कापूस उगाचच झटकला. "समुद्राकाठी बारा, रावसाहेब. इथे आपण उंचावर आहोत, इथे दहा. चिखलदऱ्याला नेलं तर आणखी खाली. पुन्हा करून दाखवू? पाणी भरपूर आहे." रावसाहेबांनी दमणीकडे पाहिलं. त्यांना रात्रीच्या आत मूर्तिजापूर गाठायचं होतं. "प्रयोग चुकला तरी मुलांची शिस्त चांगली आहे," ते म्हणाले आणि गेले.

पुढच्या आठवड्यात खोलीत गठाणी आल्या. मास्तरांनी सामान पेटीत भरलं, मला म्हणाले, "कप्प्यांचे दोर नीट गुंडाळ." एवढंच. शाबासकी द्यायची राहून गेली असेल, असं मी धरून चाललो. त्यानंतर वर्ग घाटावर भरू लागला. वाऱ्याने दिवा विझे, पाण्याला येणाऱ्या बाया थांबून पाहत, आणि पाणी तिथेही दोनशे दहालाच उकळे. मग मास्तरांची बदली झाली, कोणी म्हणे खानदेशात, कोणी म्हणे त्याच्याही पलीकडे. ते गेल्यावर अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळला, आणि धावणारं अकोलं मटकन खाली बसलं. खोली रिकामी झाली. मी आणि करीम एकदा आत डोकावलो. जमिनीवर कापसाचा चुरा, आणि वर आढ्याला लंबक तसाच लोंबत होता. गठाणींच्या राशीवर इतके दिवस तो कसा राहिला कोण जाणे. करीमने हात उंचावून त्याला झोका दिला आणि मान खाली घालून ऐकत राहिला.

आता मी पन्नाशीला आलो. परवा मूर्तिजापूरच्या स्टेशनात गाडीची वाट पाहत होतो. गाडी आली, मी चढलो. एक तरुण मास्तर, हातात पेटी, डब्याच्या दारासमोर उभा, पण चढेना. पेटीतून काचा किणकिणत होत्या. शिटी झाली. मी दारातून म्हणालो, "अहो, चढा की. गाडी सुटते आहे."

"जोडीदार यायचाय माझा. तिकीट काढायला गेलाय."

"ते मागच्या गाडीने येतील."

"नाही, तसं चालत नाही," तो म्हणाला. "आमच्यात बापूचा नियम आहे."

मी दांडा घट्ट धरला. "कोण बापू?"

"ते नाही माहीत. आमचे मास्तर सांगायचे. जोडीदार येईपर्यंत थांबायचं, मग समोर कितीही मोठा साहेब घड्याळ काढून उभा असो. वऱ्हाडातला कोणी मुलगा होता म्हणे."

"मास्तर कसे आहेत?"

"मागच्या पावसाळ्यात गेले." त्याने पेटी या हातातून त्या हातात घेतली. "शेवटी शेवटी खाटेवर बसवावं लागलं. पण पाय हलायचे त्यांचे, सारखे."

गाडी हलली. तो पेटी पोटाशी धरून तसाच उभा होता आणि तिकिटाच्या खिडकीकडे पाहत होता. मी खाली उतरलो आणि त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. बाकडं रिकामं होतं, पण आम्ही दोघेही बसलो नाही.